पिल्लं सोडण्याची वेळ

"पण ती सगळी नेमकी संध्याकाळीच कशी बाहेर पडतात हो? आमची बस पोचते त्याच वेळेला?"

प्रश्न अगदी साधा होता. ॲडलेडहून फोनवर बोलणाऱ्या मिसेस डॉसन या निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो हसत हसत विचारला, आणि तोही त्यांचा स्वतःचा नव्हता. नातीला घेऊन दोन आठवडे कासवांच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून जायचं त्यांनी मनात धरलं होतं. रंगीत माहितीपत्रक वाचता वाचता नातीने आजीला पेचात पकडलं होतं, आणि आजीने तो पेच फोन करून गुडगावकडे सरकवला होता. गुडगावात, उद्योग विहारमधल्या एका काचेच्या इमारतीत, कानाला हेडफोन लावून बसलेल्या विश्वजितला उत्तर ठाऊक होतं. समोरच्या स्क्रीनवर 'सहल रद्द झाली तर', 'शाकाहारी जेवण', 'पोहता येत नसेल तर' अशा कितीतरी प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवलेली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता, कारण तो आजवर कुणी विचारलाच नव्हता. खुद्द विश्वजितनेही नाही. त्याने घशातल्या घशात काहीतरी पुटपुटून बाईंना होल्डवर टाकलं. त्यांच्या कानात आता सतारीची धून वाजू लागली असेल.

फोनवर त्याचं नाव विक. कंपनी जगभरच्या किनाऱ्यांवर स्वतःचे पैसे भरून सेवा करायला जाणाऱ्यांच्या सहली विकायची: कुठे प्रवाळाची रोपं लावा, कुठे डॉल्फिन मोजा, कुठे कासवांची पिल्लं वाचवा. ऑस्ट्रेलियातल्या माणसांना वाटायचं, हा विक सिडनीत कुठेतरी समुद्राकडे तोंड करून बसलाय. प्रत्यक्षात खिडकीबाहेर नवी इमारत उठत होती, तिच्या बांबूंवर हिरवी जाळी फडफडत होती आणि मे महिन्याचा धुरळा काचेवर बसत होता. इथून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र दिवसभराच्या गाडीवर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त इथला उंट वातानुकूलित होता. आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या पोरापोरींनी समुद्र पाहिला असेल तर गोव्यात, कॉलेजच्या ट्रिपला. विश्वजित मात्र खरोखरच तिथून आलेला होता. सहा वर्षं तो देशोदेशीच्या किनाऱ्यांवर राबला होता, आणि ज्या किनाऱ्याबद्दल मिसेस डॉसन विचारत होत्या, त्या पूर्वेकडच्या बेटावर तर त्याने सलग दोन हंगाम काढले होते. म्हणून तो सगळ्यांत जास्त विकायचा. नोकरीचा त्याला तिटकारा होता, पण त्या तिटकाऱ्याखाली एक गोष्ट त्याने शाबूत ठेवली होती. आपण आज काय आहोत ते असो, तिथे आपण बरोबर होतो. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर तो तीन वर्षं पहाटे उठून या खुर्चीवर येऊन बसत होता, आणि एवढ्याच एका गोष्टीच्या जोरावर त्याला पुन्हा जायचं होतं. ओडिशाच्या किनाऱ्यावरून पद्मजाचा फोन आला होता. पद्मजा त्याची विद्यार्थिदशेपासूनची सोबतीण, आता तिथलं काम तीच बघायची. "ये परत. माणूस हवाय, आणि तू माणूस आहेस अजून, असं मी धरून चालते," ती म्हणाली होती. रविवारपर्यंत कळवायचं होतं. आज शुक्रवार. घरी आईला त्याने अजून अवाक्षर सांगितलं नव्हतं.

विश्वजित दिल्लीत, मुनिरक्याच्या खोलीत राहून प्राणिशास्त्राचा अभ्यास करत होता, तेव्हाची ती गोष्ट. खोलीला खिडकी नव्हती, शेजारच्या म्हशींच्या गोठ्याचा वास भिंतीतून यायचा. पद्मजा आणि तो, आणि आणखी चारदोन जण, गाडीच्या डब्याच्या दारात बसून ओडिशाला गेले. पहिल्या रात्री काळोखात त्याच्या पायाला काहीतरी ओलं, जड, सरकतं लागलं, आणि डोळे सरावल्यावर दिसलं की सगळा किनाराच सरकतोय. कासवांच्या माद्या वाळू उपसत होत्या, एकमेकींच्या पाठीवर आपटत होत्या, आणि त्यांच्या श्वासांचा आवाज दम्याच्या माणसांनी भरलेल्या वॉर्डातल्यासारखा येत होता. त्याला रडू फुटलं होतं. आपण कशासाठी जन्मलो हे माणसाला क्वचित कळतं. विश्वजितला ते बाविसाव्या वर्षी कळलं, आणि फार लवकर कळलेल्या गोष्टींचं जे होतं तेच पुढे त्याचं झालं. त्याने अभ्यास सोडला. ग्रीसमधल्या एका बेटावर पर्यटकांच्या खाटांच्या रांगा कासवांच्या वाटेतून मागे ओढण्यासाठी गेला, तिथून कोस्टारिकात, तिथून हिंदी महासागरातल्या एका प्रवाळ बेटावर. तिथे तो पहिल्यांदा पाण्याखाली गेला तेव्हा खाली जांभळं, पिवळं, निळं असं सगळं हलतं होतं. पाणी तापलं त्या वर्षी. काही आठवड्यांनी तो परत खाली उतरला तर प्रवाळ सगळं पांढरं. घाणेरडं नव्हे, मेलेलं नव्हे, स्वच्छ पांढरं, लग्नघरात चुना मारल्यासारखं. सोबतची एक फ्रेंच मुलगी वर येऊन म्हणाली, किती सुंदर! मग त्याच्यावर तपकिरी शेवाळ धरलं. तरीही तो म्हणायचा, आपण निदान पाहिलं तरी. पाहणारं कुणीतरी असायला हवं. घरी, फरीदाबादला फोन केला की बाबा म्हणायचे, "काय रे, अजून लष्कराच्या भाकऱ्याच भाजतोयस का?" आणि मग आवाज बदलून, जरा लाजल्यासारखे विचारायचे, "तिकडे पाणी कसं आहे?"

आणि मग ते पूर्वेकडचं बेट. तिथे मोठा निळा टब होता. धुण्याचे असतात तसला, पण लांबरुंद. पिल्लं रात्री, पहाटे वाळूतून वर यायची, तशी ती सगळीकडे येतात. कुंपणाच्या आत घरट्यांवर जाळ्या असत. विश्वजित बॅटरीवर लाल कागद लावून फेरी मारायचा, वर आलेली पिल्लं अलगद उचलायचा आणि टबातल्या समुद्राच्या पाण्यात सोडायचा. आधी तिथली माणसं ती तिथल्या तिथे, अंधारातच समुद्राकडे जाऊ देत. पण मग पाहुणे यायला लागले, आणि बिचारे पाहुणे दूरदूरहून येऊन, दोन आठवडे घाम गाळून, एकही पिल्लू न बघता जायचे. विश्वजितलाच ते फार लागलं. त्यानेच सुचवलं, संध्याकाळपर्यंत ठेवू या. दिवसापेक्षा घारी-बगळ्यांचं भय कमी, उन्हाचा चटका नाही, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत एकेक देता येईल. त्याच्या मनात पाप नव्हतं. ज्या रात्री आपण रडलो तसं प्रत्येकाला रडता यावं, मग जगात समुद्राची माणसं वाढतील, असा त्याचा सरळ हिशेब होता. आणि माणसं रडायची. जर्मनीतला एक आडदांड सुतार तर गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडला होता. सूर्य टेकलेला, ओल्या वाळूवर प्रत्येकाच्या पावलापुढे एक पिल्लू, आणि विश्वजित सांगतोय: हात लावू नका आता, त्याला त्याच्या पायांनी जाऊ द्या. पिल्लं हळूहळू चालायची. थांबायची. "शांत आहेत ना बिचारी," कुणीतरी म्हणायचं, आणि फोटोही सुरेख यायचे.

हळूहळू चालायची. आता, होल्डवरच्या बाईंच्या कानात सतार वाजत असताना, त्याच्या कानात टब वाजायला लागला. दिवसभर त्या निळ्या प्लास्टिकवर खरखर चालायची. शेकडो इवल्या पायांची वल्ही. तो दुपारी झावळ्यांच्या सावलीत पडलेला असताना तो आवाज ऐकत झोपी जायचा आणि त्याला वाटायचं, काय उत्साह आहे! पिल्लू जन्मतं ते अंड्यातला उरलेला बलक पोटात शिदोरीसारखा घेऊन. त्या शिदोरीवर त्याने एक दिवस, एक रात्र, न थांबता, काही न खाता पोहायचं असतं, किनाऱ्याजवळच्या माशांच्या तावडीतून सुटून खोल पाण्यात पोचेपर्यंत. हे तो मुनिरक्यात शिकला होता, परीक्षेत लिहिलं होतं. आणि टबातली खरखर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात होत्या, एकाच घरात राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या जावांसारख्या. त्यांची गाठ कधी पडलीच नाही. ॲडलेडच्या एका पोरीने पाच सेकंदांत ती घालून दिली. टबाच्या भिंतीशी पोहून पोहून पिल्लांनी शिदोरी संपवली होती. आपण त्यांना सोडत होतो तेव्हा त्यांच्यात काही उरलेलंच नव्हतं. चालत होती, कारण पाय होते. लाट आली की पाण्याबरोबर जात होती. पाहुणे टाळ्या वाजवत होते, आणि पाण्याच्या पलीकडल्या कडेला मासे रोज त्या वेळेला जमत असतील, बस यायच्या वेळेला. दोन हंगाम. किती पिल्लं, याचा विचार त्याच्या मनाने सुरू केला आणि त्याने तो दाबून टाकला. एसीचं वारं मानेवर येत होतं आणि तरी त्याला गरम होत होतं. जर्मन सुताराचा चेहरा आठवला. त्या माणसाने जन्मभर ती संध्याकाळ देवघरात ठेवावी तशी जपली असेल. मीही जपली आहे, विश्वजितला वाटलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने बटण दाबलं. सतार थांबली. "मॅडम," तो म्हणाला, आणि विकचा आवाज निघायच्या जागी त्याचा स्वतःचाच निघाला, तीन वर्षं न वापरल्यामुळे जरा खरखरीत झालेला. त्याने सांगून टाकलं. पिल्लं रात्री जन्मतात. ती दिवसभर टबात ठेवतात. तुम्ही यावं म्हणून ठेवतात. तोवर त्यांची ताकद संपते. त्यांतली बहुतेक वाचत नसावीत. "मी तिथे होतो मॅडम, मीच ठेवायचो." बोलताना त्याला कळत होतं की कॉल रेकॉर्ड होतोय, की टीम लीडर सिद्धांत त्याच्या केबिनमधून कुठलीही लाइन कधीही ऐकू शकतो, की हे शेवटचं बोलणं असू शकतं. त्याला बरं वाटत होतं. फार दिवसांनी छातीत हवा जात होती. नोकरी गेली तर गेली. गेली तर रविवारची वाटही बघायला नको. पलीकडे दूरवर कुठेतरी किटली शिट्टी घालत होती. बाईंनी ती जाऊन बंद केली असावी, कारण आवाज थांबला.

"तुम्ही फार प्रामाणिक आहात, विक," त्या म्हणाल्या. आवाज ओला झाला होता. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. बिचारी पिल्लं." मग कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "पण तरी... तिला एक हातात धरायला मिळेल ना? ती खूप दिवसांपासून त्याच्यासाठी थांबली आहे."

विश्वजितने डोळे मिटले. "हो मॅडम," विक म्हणाला, "प्रत्येकाला एक मिळतं."

त्यांनी दोघींचं बुकिंग केलं. त्याने तारखा वाचून दाखवल्या, टोपी आणि पाण्याची बाटली आणायला सांगितली, शुभेच्छा दिल्या. हेडफोन काढतो तोच सिद्धांत समोर उभा. पुण्याचा मुलगा, विश्वजितहून बराच लहान, कपाळावर आठी घालायलाही अजून न शिकलेला. विश्वजित उठून उभा राहिला, खुर्चीवरचं जॅकेट हातात घेतलं. बाहेर काढलं जायचं तर आपण होऊन चालू लागावं.

"यार विश्वजित, काय होतं हे!" सिद्धांत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "मी ऐकत होतो. पहिल्यांदा मला वाटलं, गेला हा, बाईंनी फोन आपटलाच आता. पण तू तर... बिल्कुल जीनियस! आधी वाईट काय ते स्वतःच सांगून टाकायचं, ट्रस्ट बनवायचा, मग क्लोज. सोमवारी ट्रेनिंगमध्ये हा कॉल सगळ्यांना ऐकवणार मी."

"मी विकत नव्हतो तेव्हा," विश्वजित म्हणाला.

"तेच तर! वाटतच नव्हतं विकतोयस म्हणून." सिद्धांतने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चलो, चहा माझ्याकडून."

चहा त्याने घेतला. त्यात आलं होतं, तेही त्याला समजलं. विष कालवायला गेलो आणि लोकांनी मिटक्या मारत खाल्लं, असं झालं तर माणसाने करावं तरी काय? त्याने बाईंचा राग येतो का ते पाहिलं. येत नव्हता. त्या टबाशेजारी उभं राहून कुणी मला हे सांगितलं असतं, तर मीही डोळे पुसून हेच विचारलं असतं: पण आज संध्याकाळचं तरी सोडायचं ना? माणसं बसमध्ये बसली आहेत. आणि हे त्याला इतकं लख्ख दिसलं की पुढचे सगळे कॉल त्याने नेहमीसारखे, विकच्या गोड आवाजात, न अडखळता घेतले.

कंपनीची परतीची क्वालिस गाडी अरवलीच्या टेकड्यांमधून फरीदाबादकडे निघाली तेव्हा दुपार अक्षरशः जळत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दगडाच्या खाणी होत्या, खोदून खोदून सोडून दिलेल्या; काहींच्या तळाशी पाणी साचून हिरवंनिळं झालं होतं. ड्रायव्हर दर वेळी म्हणायचा, "साब, देखो, अपना समंदर," आणि सगळे हसायचे. आज विश्वजित हसला नाही. बाबांनी या वाटेवरची पाण्याची डबकी कधी पाहिली नसतील. ते दाभोळच्या खाडीपलीकडच्या गावचे. तरीत बसून शाळेला जायचे, आणि मग नशिबाने त्यांना आणून टाकलं फरीदाबादच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये. तिथे त्यांनी लोखंडाचा कीस श्वासातून घेत आयुष्य घालवलं. बाहेरच्या देशांतून नवी यंत्रं आली, तेव्हा जुन्या माणसांना सन्मानाने घरी बसवण्यात आलं. सन्मान म्हणजे एक घड्याळ. फुप्फुसं तोवर निकामी व्हायला लागली होती. "मला गावी पोचवा," असं ते म्हणू लागले तेव्हा विश्वजित त्या बेटावर होता. आईचा फोन यायचा, बेटावरच्या एकमेव दुकानात. "तुझी वाट बघतायत रे. तू आलास की तूच घेऊन जा त्यांना. धक्क्यावर बसायचंय म्हणतात." तो म्हणाला होता, एवढा हंगाम संपू दे, महिनाभर. तो आला तेव्हा बाबांना उशीला टेकवूनही बसवता येत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, ओठ हलवले. पाणी कसं आहे, असंच विचारलं असावं. त्याने सांगितलं, छान आहे बाबा, निळं आहे. मग गावची गोष्टच निघाली नाही. यमुनेच्या काठावर, काळ्या फेसाच्या पाण्यात, त्यांची रक्षा सोडली. त्यानंतर विश्वजित कुठे गेला नाही. माझ्यासाठी थांबून राहिले आणि थांबण्यातच संपले, हे त्याने तीन वर्षं रोज, याच रस्त्यावर, स्वतःला सांगितलं होतं. पण त्याच्या जोडीला दुसरं वाक्य असायचं: निदान मी तिकडे काहीतरी जगवत होतो. आज ते दुसरं वाक्य गेलं होतं. पहिलं तेवढं गाडीत त्याच्या शेजारी बसून आलं.

आईने, प्रभावतीने, ताट वाढून ठेवलं होतं. तो रोज परत आला की ती त्याच्यासमोर बसून जेवायची आणि विचारायची, आज कोण बोललं, काय म्हणाली तिकडची माणसं. तिला त्या माणसांची गंमत वाटायची. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीत भरला होता. तो भात कालवत राहिला आणि एकाएकी सगळं सांगत सुटला. टब, शिदोरी, ती पोरगी, बाई, चहा. आई आधी हसत ऐकत होती. मग तिने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे सोडतात तेव्हा त्यांच्यात जीवच नसतो उरलेला," ती म्हणाली.

"जीव असतो. त्राण नसतं."

तिने पदराने तोंड पुसलं. आमटीची वाटी जरा बाजूला सारली. "शांतारामभावजी आले होते," ती म्हणाली.

"कधी? काका इथे?"

"तू तिकडे होतास तेव्हा. तुझ्या बाबांना गावी न्यायला आले होते. तिकिटं काढूनच आले होते. तेव्हा हे चालत होते रे, चांगले चालत होते. पिशवी भरली, चपला घातल्या, दारापर्यंत गेले." तिने दाराकडे पाहिलं. "मी नाही जाऊ दिलं. भावजींना म्हटलं, विशू निघालाय तिकडून, दोनचार दिवसांत येतोय, तो आणेल. खोटंच. भावजी परत गेले. हे रोज विचारायचे, मी म्हणायची, गाडीला वेटिंग आहे."

विश्वजितने मान वर केली. "का पण?"

"ते तिकडे गेले असते तर तू परस्पर तिकडेच गेला असतास. भेटून पुन्हा आपला समुद्र. इथे कशाला आला असतास तू? मी इथे एकटी." तिचा आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता; भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं ती सांगत होती, आणि डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. "ते इथे असले तरच तू या घरात येशील, हे मला माहीत होतं. आलासही. राहिलासही. मी काय केलं ते मला कळत होतं रे विशू. पण तू दारात उभा राहिलास ना, तेव्हा मला आनंदच झाला. त्यांची ती दशा, आणि मला आनंद."

इतकी वर्षं विश्वजितने जे ओझं आपलं समजून वाहिलं ते आपलं नव्हतं, किंवा एकट्याचं नव्हतं. राग यायला हवा होता. सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं. यांतलं काहीच आलं नाही. त्याला फक्त दिसलं की तिचे हात म्हातारे झाले आहेत आणि तिला फार भूक लागली असावी.

"सकाळी पद्मजाचा फोन आला होता घरच्या नंबरवर," आई म्हणाली. "रविवारपर्यंत कळवायचंय म्हणे. तू मला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस तेही कळलं मला." तिने डोळे पुसले, आणि पूर्वी तो शाळेच्या सहलीला निघाला की ठेवायची तसा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "जा तू. भावजींकडे जाऊन राहीन मी, नाहीतर इथेच राहीन, शेजारीपाजारी आहेत. एकाला धरून ठेवलं ते पुष्कळ झालं. आता तुला नाही धरणार. खरंच जा."

ती मनापासून म्हणत होती. तीन वर्षं तो याच एका शब्दाची वाट बघत होता, खाणींमधून जाता-येता मनात मांडे खात होता: आई जा म्हणेल, मग मी कसा उठेन, कुठली बॅग घेईन, पहाटेचा किनारा कसा दिसेल. आता शब्द आला होता. त्याने आत, त्या जागी, जपून चाचपून पाहिलं. ओडिशाचा किनारा डोळ्यांपुढे आणला. आला, चित्रासारखा आला. वास आला नाही. पाय सतरंजीवर होते तिथेच होते. उठावंसं वाटेल म्हणून त्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. कूलरमधून पाणी ठिबकत होतं आणि आई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मग त्याने ताट पुढे केलं. "थोडा भात वाढ," तो म्हणाला. "उद्या पहाटेची शिफ्ट आहे."